‘आबितानो’मधला आघात पहिल्या अक्षरावर का?

प्रश्न असा आहे की, इटालियनमध्ये आघात (उच्चारातला जोर) बहुधा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर पडतो असे शिकवले जाते. मग ‘आबितारे’ (राहणे) या क्रियापदाचे ‘ते राहतात’ या अर्थाचे ‘आबितानो’ हे रूप ‘ता’वर जोर देऊन उच्चारणे चूक का, आणि ‘कापिस्को’ (मला समजते) याची अक्षरे कशी पाडावीत?

उपान्त्य अक्षराचा नियम नामांपुरता बऱ्यापैकी उपयोगी आहे. क्रियापदांना तो सरसकट लावू नये. वर्तमानकाळात एकवचनाची तिन्ही रूपे आणि तृतीयपुरुषी अनेकवचन यांत आघात बहुधा धातूवर राहतो, तर ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांत (आबित्यामो, आबिताते) तो प्रत्ययावर सरकतो. याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘हाबितान्त’ (ते राहतात) या रूपात उपान्त्य ‘बि’ ऱ्हस्व असल्यामुळे आघात मागे ‘हा’वर जाई, आणि ‘हाबितातिस’ (तुम्ही राहता) यामध्ये उपान्त्य ‘ता’ दीर्घ असल्यामुळे तो तिथेच थांबे. पुढे ‘हाबितान्त’चा अंत्य ‘त’ गळाला, शेवटी ‘ओ’ जोडला गेला आणि एक अक्षर वाढले, पण आघात जागचा हलला नाही. म्हणून आ-बि-ता-नो यात तो शेवटून चौथ्या अक्षरावर आढळतो. व्यवहारात ‘मी’चे रूप आघातासह पाठ करावे (चांगले इटालियन कोश ते देतात) आणि तोच आघात ‘ते’च्या रूपात कायम ठेवावा.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्याला ही बाब किरकोळ वाटते. इटालियनमध्ये मात्र ‘कापितानो’चा उच्चार ‘का’वर जोर देऊन केला तर ‘(गोष्टी) घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’ आणि ‘नो’वर दिला तर ‘त्याने नेतृत्व केले’ असा अर्थ होतो. यांपैकी फक्त तिसऱ्यात आघातचिन्ह लिहिणे बंधनकारक आहे, कारण तिथे तो अंत्य अक्षरावर आहे.

अक्षरे पाडताना द्वित्त व्यंजन दुभंगते (लेग्-गो, ‘मी वाचतो’), परंतु ‘स’ने सुरू होणारे जोडाक्षर अखंड पुढे जाते: का-पि-स्को. ‘न-मस्-कार’ अशी फोड करणाऱ्या मराठी कानाला हे खटकते, आणि त्यात तथ्य आहे. आघातयुक्त अक्षर स्वरान्त असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल, तर इटालियनमध्ये त्याचा स्वर लांबतो. ‘कापिस्को’त आघात ‘पि’वर असूनही त्यातला ‘इ’ मात्र लांबत नाही, म्हणजे उच्चारात ‘स्’ मागच्या अक्षरालाच चिकटतो. का-पि-स्को ही फोड ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यापुरती पाळावी.