बांगड्या वाजल्या की जीव घाबरतो

प्रश्न: ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात रात्रपाळीला पाड्यावरून एक बाई बाळंतपणाला आली, तिसरी खेप होती, बाळ छान झालं आणि मग ब्लीडिंग सुरू झालं ते थांबेचना. गर्भपिशवी आकसायचं ऑक्सिटोसिन दिलं, पोटावर मसाज केला, डॉक्टरांना बोलावलं, १०८ ला फोन लावला. शीर सापडत नव्हती, काचेच्या बांगड्या आड येत होत्या म्हणून मी त्या माझ्या हाताने वाढवल्या. आमच्याकडे रक्त नव्हतं. गाडीत घातलं, मी सोबत होते, पण जिल्ह्याच्या गावी पोचायच्या आधीच ती गेली. तेव्हापासून बांगड्यांचा आवाज आला की मला घाम फुटतो आणि ती बाई समोर दिसते. यंदा कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणाला, सगळ्या बाया गाणी म्हणत होत्या, टाळ्यांबरोबर बांगड्या वाजायला लागल्या तर मी उठून न्हाणीत जाऊन बसले. झोप नाही, लेकीवर उगाच ओरडते, लेबर रूमची ड्युटी बदलून घेते. आई म्हणते "तुले नजर लागनी". इन्चार्ज म्हणतात इतक्या वर्षांत एवढं पण पचत नाही का. नोकरी सोडू का?

उत्तर: सिस्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि बांगड्यांपाशी दोन्ही वेळा थांबले. सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या आपल्या हाताने वाढवायच्या आणि तासाभरात ती जायची, हे आपल्याकडच्या बाईला काय होऊन बसतं ते वेगळं सांगायला नको. तुम्ही शीर शोधत होतात, पण मनाने त्याची भलतीच गाठ मारून ठेवली.

आईचं मी खोडून काढणार नाही, काहीतरी लागलंय हे तिने बरोबर ओळखलं, फक्त ते नजरेचं नाही. मेंदूत धोका ओळखणारा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला म्हणतात त्याला, तो विचार करत बसत नाही, आवाज आला की अंगात ॲड्रिनलिन सोडायला लावून मोकळा. एरवीच्या आठवणीला तारीख असते, ही झालं, संपलं असं आपल्याला आतून माहीत असतं, पण असल्या रात्रीची आठवण बिनतारखेची राहून जाते, म्हणून कानबाईसमोर बसलेल्या तुम्हाला ती आत्ता घडल्यासारखी येते. छाती धडधडणं, पळून जाणं, किंवा काही जणांचं होतं तसं जागच्या जागी थिजणं, हे सगळं शरीर तुम्हाला वाचवायला करतंय. यात कच्चेपणा कुठे आला? तुमच्या इन्चार्जना पण हे सांगायला हवं.

नाव घ्यायचं तर अशा त्रासाला पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) म्हणतात, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात मागे उरणारा आजार. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तकात हा शब्द आला, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या हालावरून बराचसा. पण स्वतःवर बेतलं तरच होतं असं नाही, डोळ्यादेखत दुसऱ्याचा जीव जाणं पण त्यात धरतात, आणि कामामुळे असले प्रसंग पुन्हा पुन्हा सोसणाऱ्यांचा वेगळा उल्लेख त्याच पुस्तकाच्या २०१३ च्या आवृत्तीत आला. अशा प्रसंगानंतर पहिले दोन-चार आठवडे झोप उडणं, दचकणं बहुतेकांना होतं आणि आपोआप ओसरतं. महिन्याच्या वर टिकलं आणि घर, ड्युटी बिघडायला लागली तर उपचार घ्यायचे. तुम्हाला वर्ष होत आलं. पत्रावरून मी निदान करत नाही, पण आता थांबू नका एवढं नक्की सांगते.

अजून एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण ओळीओळीत आहे, "मी कमी पडले". जोनाथन शे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने सैनिकांवर काम करताना याला नैतिक जखम म्हटलं, म्हणजे भीतीपेक्षा वेगळी, जे बरोबर ते करता आलं नाही किंवा वरच्यांनी करू दिलं नाही याची जखम. यावर एक करून बघा. कागदावर मधे रेघ मारा, डावीकडे त्या रात्री त्या मिनिटाला तुम्हाला काय माहीत होतं आणि हाताशी काय होतं ते लिहा, उजवीकडे नंतर काय कळलं ते. आपण उजवीकडचं घेऊन डावीकडच्या बाईला शिक्षा देत असतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन-तीन तासांत जीव घेऊ शकतो, रक्त तिथे नव्हतं, रस्ता लांबचा, यातलं तुमच्या हातात काय होतं? माता मृत्यूचं जे सरकारी ऑडिट होतं ना, तेही त्रुटी शोधायला आहे, दोषी धरायला नाही, कोणी तसं वापरत असेल तर ते चुकीचं.

आता उपाय. आवाज आला आणि जीव घाबरला की आधी दोन्ही पाय जमिनीवर दाबा, थंड पाणी मनगटावर घ्या, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, आणि आजचा वार, आपण कुठे आहोत ते तोंडाने बोला. याने आजार जात नाही, तेवढा प्रसंग निभावतो. खरा उपचार म्हणजे ट्रॉमासाठीची, म्हणजे अशा मानसिक आघातासाठीची, खास बोलण्याची थेरपी किंवा ईएमडीआर (ती आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायची पद्धत), साधारण ८ ते १२ बैठका लागतात. खास थेरपीत जे टाळतोय त्याच्याकडे हळूहळू, सोबतीने जायचं असतं, म्हणजे आधी टेबलावर एक बांगडी नुसती ठेवलेली, मग हातात, मग दोन वाजवून, असं. टाळल्याने आजच्यापुरतं बरं वाटतं पण भीती पोसली जाते. गरज पडली तर डॉक्टर सरट्रालिनसारखी नैराश्य-भीतीवरची गोळी देतील, पण वॉर्डातल्या स्टॉकमधली अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, आपल्यातल्या बऱ्याच जणी घेतात मला माहितीय, याने हा त्रास बरा होत नाही, सवय मात्र लागते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ओळखीचं कोणी बघेल असं वाटत असेल तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, २०२२ पासून चालू आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जगून काय करायचं असा विचार कधी आला तर त्याच घडीला हा नंबर लावा आणि घरात कोणाला तरी उठवा.

नोकरीचा निर्णय आत्ता नको. काही आठवडे दिवसपाळी, ओपीडी मागून घ्या, आणि उपचार सुरू झाले की लेबर रूममध्ये आधी दुसऱ्या सिस्टरसोबत उभं राहा. मग ठरवा.

प्रश्न: मी धुळे जिल्ह्यात एका वॉर्डाची इन्चार्ज आहे. असा प्रसंग झाला की त्याच रात्री सगळ्या स्टाफला बसवून काय काय घडलं ते बोलायला लावावं का?

उत्तर: नको. एकदाच बसवून सगळ्यांकडून सक्तीने सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो सुद्धा. त्या रात्री चहा द्या, हातपाय धुऊ द्या, कपडे बदलू द्या, एकटीला गाडीवर घरी पाठवू नका, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाटेची ड्युटी लावू नका. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, "तू हे का नाही केलंस" हा प्रश्न त्या दिवशी तोंडातून काढू नका. आणि महिन्याने पुन्हा एकदा स्वतःहून विचारा, झोप लागते का गं, कारण तोवर बाकी सगळे विसरलेले असतात.