वस्तीत काम सुरू करणाऱ्या नव्या कार्यकर्तीस

आपण सांगलीच्या वस्तीत प्रथमच जाणार आहात, म्हणून सांगते: पहिल्या भेटीत कर्जाचा अर्ज पुढे करू नका. आधी घरात पैसा केव्हा आणि कोणाच्या हाती येतो हे समजून घ्या. मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बाईची मजुरी हंगामावर अवलंबून असते, तर कुपवाडच्या कारखान्यातील कामगाराला महिन्याने पगार मिळतो, आणि दोघांना सारखाच हप्ता लावला, तर थकबाकी तिचीच होते. एक हप्ता फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढलेले असेल, तर तिसरे मिळवून देणे ही मदत नव्हे. हे मी फार उशिरा शिकले.

मुलाला नोकरी लागली की आपले काम संपले, असे समजू नका. रोजची मजुरी थांबते आणि पहिला पगार महिन्याने येतो. बसभाड्याची आणि किराण्याची सोय न झाल्यामुळे याच काळात मुले काम सोडतात, म्हणून बचत गटातून तेवढ्यापुरती उसनवारी आधीच ठरवून ठेवा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण मिळते, मात्र हे पैसे बँक खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून मेअखेरीस खात्यात शिल्लक हवी. २०१९ च्या महापुरात अनेकांची कागदपत्रे भिजली. प्रतींचा एक संच उंचावरील नातेवाइकांकडे ठेवायला सांगा.