शिक्षण धोरणाच्या फेलोशिपची ६० वर्षे: वर्गात शिकवणाऱ्याने ती करावी का?

प्रश्न: अमेरिकेतील 'एज्युकेशन पॉलिसी फेलोशिप प्रोग्रॅम' सुरू होऊन २०२४ मध्ये ६० वर्षे झाली. या फेलोशिपचा इतिहास काय आहे, आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला तिचा काही उपयोग होतो का?

उत्तर:

उपयोग होतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग वर्गात शिकवणाऱ्यालाच होतो. इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, नेमक्या याच मुद्द्यावर आमच्या डिस्ट्रिक्टमधील (म्हणजे आमच्या भागातील शाळा चालवणाऱ्या स्थानिक प्रशासनातील) एका वरिष्ठ अधिकाऱ्यांशी माझा वाद झाला होता. या फेलोशिपच्या अर्जासाठी शिफारसपत्रावर सही मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "धोरण हे वर्ग सोडून गेलेल्यांचे काम आहे. तुम्ही उत्तम शिकवता, त्यातच राहा." त्यांनी सही केली, परंतु ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

आधी इतिहास. वॉशिंग्टनमधील 'इन्स्टिट्यूट फॉर एज्युकेशनल लीडरशिप' या संस्थेचा हा उपक्रम १९६४ मध्ये फोर्ड फाउंडेशन या खासगी देणगी संस्थेच्या पैशावर सुरू झाला. तेव्हा त्याचे नाव 'वॉशिंग्टन इंटर्नशिप्स इन एज्युकेशन' असे होते आणि निवडलेल्या लोकांना राजधानीत राहून शिक्षणविषयक संस्था व कार्यालयांतून प्रत्यक्ष काम करावे लागत असे. पुढे राज्याराज्यांत त्याची केंद्रे निघाली आणि नोकरी न सोडता दहा महिने करायचा उपक्रम, हे आजचे रूप त्याला आले. वर्ष साधारण सप्टेंबर ते जून असे चालते, नियमित बैठका आपापल्या राज्यात होतात आणि वसंत ऋतूत सर्व केंद्रांचे फेलो वॉशिंग्टनला एकत्र येतात.

१९६४ हे साल मला महत्त्वाचे वाटते. त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ एप्रिल १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमध्ये स्वतःच्या लहानपणीच्या एकखोली शाळेबाहेर, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून, प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. गरीब मुलांच्या शाळांसाठी केंद्र सरकारचा पैसा मोठ्या प्रमाणावर वाहू लागला तो तेव्हापासून. तो पैसा केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून डिस्ट्रिक्टकडे आणि तिथून शाळेकडे जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर कायद्यातील शब्दांचा अर्थ कोणीतरी लावत असतो. शाळा आणि कायदा ही दोन्ही टोके कळणारी माणसे त्या काळी हवी होती, तशीच ती आजही हवी आहेत. तोच कायदा जानेवारी २००२ मध्ये आणि नंतर डिसेंबर २०१५ मध्ये नव्या नावाने पुन्हा लिहिला गेला. त्यातील तीन शब्दांनी माझी दोन वर्षे खाल्ली.

मी इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना शिकवते. होंडुरासहून आलेली बारा वर्षांची एक मुलगी माझ्या वर्गात होती. फळ्यावर अपूर्णांकांचे गणित ती वर्गातील कोणाहीपेक्षा लवकर सोडवत असे. राज्याच्या वार्षिक परीक्षेत मात्र ती गणितात सर्वांत खालच्या गटात आली, कारण तिथे गणित इंग्रजी परिच्छेदांत लपलेले असते. नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी सूट असते असा बहुतेकांचा समज आहे. ती सूट वाचन आणि भाषेच्या परीक्षेपुरती आहे. गणिताची परीक्षा त्या मुलांना पहिल्या वर्षीही द्यावी लागते. निकालानंतर त्या मुलीला गणिताच्या पायाभूत वर्गात घालण्यात आले आणि तिने फळ्यापाशी येणेच सोडून दिले.

तिला स्पॅनिशमध्ये प्रश्नपत्रिका मिळावी म्हणून मी त्या अधिकाऱ्यांकडे चार वेळा गेले. कायद्यात असे आहे की, या मुलांची परीक्षा त्यांना विषयातले काय येते हे सर्वांत अचूक कळेल अशा भाषेत आणि स्वरूपात घ्यावी, मात्र 'व्यवहार्य असेल तितपत'. त्यांनी या तीन शब्दांवर बोट ठेवले आणि आपल्याला ते व्यवहार्य नाही असे सांगितले. मी अन्यायाबद्दल बोलत राहिले आणि ते त्या तीन शब्दांबद्दल. फेलोशिपसाठी अर्ज केला तो या संतापातून.

फेलोशिपच्या आमच्या तुकडीला त्या वर्षी पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथील लष्कराच्या युद्ध महाविद्यालयात नेतृत्वाच्या सत्रासाठी नेले होते आणि तिथून अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या रणभूमीवर. शिक्षकांचा रणांगणाशी काय संबंध, असे मलाही वाटले होते. १ जुलै १८६३ च्या संध्याकाळी दक्षिणेच्या सैन्याचे प्रमुख जनरल ली यांनी आपल्या युएल या सेनानीला समोरची टेकडी 'व्यवहार्य असेल तर' घ्या, असा हुकूम पाठवला. युएल यांना ते व्यवहार्य वाटले नाही. रात्रीतून उत्तरेच्या सैन्याने त्या टेकडीवर पाय रोवले. चूक हुकूम देणाऱ्याची की घेणाऱ्याची, यावर इतिहासकार अजून भांडतात. मी त्या उतारावर उभी होते आणि माझ्या कानांत आमच्या अधिकाऱ्यांचा आवाज होता. वर बसलेल्याने मोघम शब्द वापरला की निर्णय खाली उतरतो, आणि ज्याच्या हाती तो येऊन पडतो त्याने काहीच केले नाही तरी हुकूम मोडला असे कोणाला म्हणता येत नाही. त्या दिवसापर्यंत मी त्या अधिकाऱ्यांना दुष्ट समजत होते.

खरा धडा मात्र वॉशिंग्टनमध्ये मिळाला. आमच्या राज्याच्या एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात आम्हा फेलोंना जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली होती. मी त्या मुलीची हकिकत सांगितली. समोरची तरुण मदतनीस मनापासून ऐकत होती, आणि संपल्यावर तिने विचारले, "कोणत्या कलमातला कोणता शब्द तुम्हाला बदलून हवा आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षे भांडूनही मी मूळ कलम एकदाही वाचले नव्हते. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलेल्या ओळीवरच मी त्यांच्याशी भांडत आले होते.

परतीच्या प्रवासात ते वाचले. प्रश्नपत्रिका कोणकोणत्या भाषांत हवी हे डिस्ट्रिक्ट ठरवतच नाही. आपल्याकडील मुलांमध्ये कोणत्या भाषा लक्षणीय प्रमाणात आहेत हे राज्याने आपल्या योजनेत नमूद करायचे असते, ज्या भाषेत परीक्षा उपलब्ध नाही ती ओळखायची असते आणि ती तयार करण्यासाठी सर्व प्रयत्न करायचे असतात. म्हणजे मी चुकीच्या दारावर धडका देत होते, आणि ते दार आपले नाही हे त्या दारामागील माणसालाही ठाऊक नव्हते. त्याच आठवड्यात मी आमच्या राज्याच्या परीक्षेच्या सवलतींची यादीही वाचली. द्विभाषिक शब्दसूची वापरण्याची मुभा तिच्यात आधीपासूनच होती. अट एवढीच की, परीक्षेपूर्वी शाळेने ती सवलत त्या मुलाच्या नावावर नोंदवायला हवी. आमच्या शाळेत कोणीही ती नोंदवली नव्हती. त्यात मीही आले.

पुढच्या वसंतात माझ्या वर्गातील सर्व पात्र मुलांच्या नावावर ती नोंद झाली आणि राज्य शिक्षण मंडळाच्या जाहीर सुनावणीत मी तीन मिनिटे बोलले, या वेळी कलमाच्या क्रमांकासह. स्पॅनिश प्रश्नपत्रिका अजून आलेली नाही. ती मुलगी शब्दसूची घेऊन परीक्षेला बसली, एक गट वर गेली आणि नियमित गणिताच्या वर्गात परतली.

म्हणून 'धोरण हे वर्ग सोडून गेलेल्यांचे काम आहे' हे विधान मला साफ चुकीचे वाटते. वर्ग सोडून गेलेल्यांना कलम माहीत असते, परंतु फळ्यापाशी येणे कोणी सोडले हे त्यांना दिसत नाही. ते ज्याला दिसते त्याने कलमही वाचावे, एवढीच माझी मागणी होती, आणि ती मला त्या दिवशी त्यांच्या खोलीत नीट मांडता आली नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. या फेलोशिपमध्ये विद्यावेतन मिळत नाही. उलट शुल्क असते आणि ते बहुधा नोकरी देणारी संस्था भरते, त्यामुळे वरिष्ठांचा पाठिंबा नसेल तर वाट अवघड आहे. पदवी मिळत नाही, बढतीची हमी नाही. केंद्राकेंद्रांत दर्जाचा आणि विषयांचा फरक पडतो, आणि माझ्या तुकडीतील किमान दोघांना हे वर्ष निव्वळ ओळखी वाढवण्यापुरते वाटले. लहान मूल घरी असताना दहा महिने वेळ काढणे सोपे नसते, हेही लक्षात घ्या.

तरीही अर्ज करायचे ठरवलेत तर निबंधात स्वतःच्या ध्येयांविषयी लिहू नका. तुमच्या वर्गात अडलेली एक गोष्ट घ्या, ती केंद्राच्या, राज्याच्या की डिस्ट्रिक्टच्या कोणत्या नियमामुळे अडली आहे ते शोधा आणि त्या नियमाची ओळ जशीच्या तशी उतरवून काढा. शिफारसपत्रावर सही मागायला जाताना तो कागद सोबत ठेवा. मी गेले होते तेव्हा माझ्या हातात फक्त अर्जाचा नमुना होता.