धनेश बघायला बोर्निओला जा, पण कर्ज काढून नको

प्रश्न : मी सावंतवाडी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ५७. ३१ मे २०२६ ला निवृत्त होईन. वीस वर्षांपासून आंबोली, तिलारी भागात पक्षी बघते. मुंबईच्या एका कंपनीची बोर्निओची (मलेशियाच्या सबाह राज्यातली) ११ रात्रींची सहल मे महिन्यात आहे : किनाबालू, सेपिलोक, किनाबातांगन नदी आणि शेवटी डॅनम व्हॅलीच्या जंगलातला लॉज. खर्च ३,९५,०००. शिवाय १,९०,००० ची लेन्स घ्यायची आहे. त्यासाठी ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढून निवृत्तीचे पैसे आले की फेडावं, असा विचार आहे. यजमानांना पक्ष्यांत रस नाही, ते येणार नाहीत. त्यांना पेन्शनही नाही. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला (फी बाकी १.६ लाख). दोघांचंही म्हणणं, "आई, हे तुझ्या म्हातारपणाचे पैसे आहेत, मुलगा मार्गी लागू दे, मग बघू." हातात पगार ८८,०००, घरखर्च ५०,०००, एसआयपी १२,०००. बँकेत एफडी ९ लाख (त्यातली ३ लाखांची जानेवारीत संपते), म्युच्युअल फंडात ६.४ लाख. निवृत्तीनंतर पेन्शन साधारण ४६,००० आणि एकरकमी ४२ लाख मिळतील. आरोग्य विमा नाही, आजारपणासाठी एफडी आहेत. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही जावं असं माझं मत आहे. मे महिन्यात मात्र नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको. सप्टेंबर २०२६ किंवा एप्रिल २०२७ ची तारीख मागा.

आधी मुलांचं बोलणं घेऊ. त्यांचा मुद्दा वरवर शहाणपणाचा आहे, पण "मग" म्हणजे कधी, हे त्यांनी सांगितलेलं नाही. मुलाची नोकरी, मग लग्न, मग घर असं करत तुम्ही ६५ च्या व्हाल. तोवर ६ लाखांवर व्याज मिळेल हे खरं, पण ही सहल व्याजावर चालत नाही, कानांवर आणि गुडघ्यांवर चालते. वय वाढतं तसं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. तुम्ही वीस वर्षं पक्षी बघताय, तेव्हा दाट रानात दहातले आठ पक्षी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. डॅनममध्ये पायवाटा चिखलाच्या, चढउताराच्या आणि जळवांच्या आहेत. नवरंगाच्या कुळातले पक्षी तिथे जमिनीवर पाचोळ्यात वावरतात, त्यांच्यासाठी तासन् तास उभं राहावं लागतं. आठ वर्षं थांबण्याची ही किंमत मुलांच्या हिशेबात धरलेली नाही.

आता पैशाचं. तुम्ही २००५ च्या आधी नोकरीला लागलात म्हणून जुनी पेन्शन आहे, आणि तिच्यावर महागाई भत्ता वाढत राहतो. खासगी नोकरीतून निवृत्त होणारा माणूस हे ऐकून हळहळतो. मिळणाऱ्या ४२ लाखांतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला सरासरी २०,५०० पडतात (व्याज तिमाहीला मिळतं आणि करपात्र असतं). तुमचं वय ६० झालेलं नसलं तरी नियत वयोमानानं निवृत्त होणाऱ्यांना ५५ नंतर हे खातं उघडता येतं, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पेन्शन धरून ६६,००० च्या आसपास येतील. मुलाची फी गेल्यावर घरखर्च ५० हजारांच्या खालीच येईल.

या चित्रात ६ लाख कुठे बसतात? तेच पैसे याच दरानं ठेवले असते तर वर्षाला ४९,२००, म्हणजे महिन्याला ४,१०० मिळाले असते. सहलीची खरी किंमत ही आहे. उरलेलं आयुष्य महिन्याला चार हजार कमी आले तर चालेल का? तुमच्या आकड्यांवरून चालेल असं दिसतं. पेन्शन २०,००० असती तर मी उलटं उत्तर दिलं असतं.

मग कर्जाला नाही का? ५ लाख, साडेअकरा टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता साधारण १६,५०० येतो. पगार चालू असताना तो झेपेल. पण जूनमध्ये पगार थांबेल, आणि पेन्शनची फाईल पंचायत समिती, जिल्हा परिषद, कोषागार अशी फिरत असताना कोणत्या टेबलावर किती दिवस बसेल हे कोणी सांगू शकत नाही. ग्रॅच्युइटी "जुलैत नक्की" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्यावर हप्ते बांधू नका. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडण्याचा आकार वेगळा.

मे महिन्यावर माझा दुसरा आक्षेप आहे. २०२६ च्या एप्रिलपासून जनगणनेच्या घरयादीचं काम सुरू व्हायचं आहे, आणि त्याला कुणाला जुंपतात हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. नोकरीत असताना परदेशी जायला परवानगीही लागते. आदेश आला आणि सहल हुकली, तर भरलेले पैसे बहुतेक गेले. निवृत्तीनंतर परवानगी नको नि आदेशही नको. सप्टेंबरमध्ये विणीचा हंगाम ओसरलेला असेल, पक्ष्यांची साद थोडी कमी मिळेल. ते सलत असेल तर एप्रिल २०२७ घ्या, त्याला माझी काहीच हरकत नाही.

आता तुम्ही पाठवलेलं कंपनीचं पत्रक. तुम्ही ३,९५,००० लिहिलेत, तो दर एका खोलीत दोघांचा आहे. एकटीला खोली हवी तर ७०,००० जास्त, ते दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात आहे. दुसरी एखादी बाई खोली वाटून घ्यायला तयार असेल तर हे पैसे वाचतील, तेव्हा कंपनीला जरूर विचारा. नाही मिळाली तर ४,६५,००० धरा. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २३,२५०. मुंबई-क्वालालंपूर-कोटा किनाबालू विमान ५५,०००. विमा, वाटाड्याची बक्षिसी, किरकोळ मिळून ३०,०००. चांगली दुर्बीण २५,०००. बेरीज ५,९८,२५०.

याशिवाय टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कंपनी कापते तो आगाऊ आयकर. २०२५-२६ या वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के कापतात, म्हणजे तुमचे साधारण २४ हजार. बरेच जण याला खर्च समजून घाबरतात. जीएसटी गेला तो गेला, पण टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्रात आयकरातून वळता होतो आणि जास्त असेल तर परत मिळतो. फक्त पावतीवर पॅन तुमचाच हवा, मुलीचा नको, ती ऑनलाइन पैसे भरणार असली तरी. हा दर प्रत्येक अर्थसंकल्पात बदलू शकतो, आणि तुमची मोठी रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात जाणार आहे, म्हणून भरताना पुन्हा विचारा.

तर सव्वासहा लाखांची सोय करायची. जानेवारीत संपणारी ३ लाखांची एफडी यासाठी ठेवा. उरलेल्या ६ लाखांच्या एफडीला हात लावायचा नाही. फंडातून २ लाख आत्ताच काढून एफडीत टाका, पुढच्या जुलैत बाजार कुठे असेल यावर सहल अवलंबून नको. इक्विटी फंडाच्या वर्षाहून जुन्या युनिट्सवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, तुमचा नफा त्याच्या आतच राहील. नोव्हेंबरपासून मेपर्यंत सात महिने १८,००० ची आरडी केली की १,२६,००० होतात. मुलाची १.६ लाखांची फी या सगळ्याच्या बाहेर, निवृत्तीच्या रकमेतून किंवा गरज पडली तर उरलेल्या फंडातून.

मात्र सहलीचा पहिला हप्ता भरण्याआधी एक काम. "आजारपणासाठी एफडी आहेत" हे वाक्य मला सहलीपेक्षा जास्त खुपलं. एका अँजिओप्लास्टीत त्यातली निम्मी जाईल. तुमच्या दोघांचा १० लाखांचा आरोग्य विमा आधी घ्या, वर्षाला चाळीस-पन्नास हजार धरून चाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढाच दिलासा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अर्जात लिहा. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून ते घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं. विमा मिळाला नाही किंवा फारच महाग पडला, तर मला पुन्हा लिहा, मग सहलीचा आकडा पुन्हा बघावा लागेल.

प्रवास विमा वेगळा, आणि तो स्वस्तात स्वस्त घेऊ नका. डॅनमचा लॉज लाहाद दातू गावापासून ८० किलोमीटरहून जास्त आत आहे, बराचसा कच्चा रस्ता, अडीच तास सहज. पाय मोडला तर तिथून बाहेर काढण्याचा खर्च पॉलिसीत लिहिलेला हवा. सबाहच्या पूर्व किनाऱ्याबद्दल काही देशांनी आपल्या नागरिकांना सावधगिरीच्या सूचना दिलेल्या आहेत. २०१३ मध्ये लाहाद दातूजवळ सशस्त्र घुसखोरी झाली होती. पर्यटक तिथे सर्रास जातात, पण विमा कंपनीकडून त्या भागाचं नाव घालून "संरक्षण लागू" असं ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं "हो मॅडम" उपयोगाचं नाही.

खर्च कमी करायचा असेल तर जागा मी सांगतो. डॅनमचं राखीव क्षेत्र ४३८ चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यात लॉजखेरीज संशोधकांसाठी बांधलेलं फील्ड सेंटर आहे. राहणं साधं, भाडं लॉजच्या मानानं फारच कमी, पक्षी तेच. तुमच्या यादीत वर असलेला बोर्नियन ब्रिस्टलहेड (त्याच्या कुळात तो एकटाच) सेपिलोकच्या झाडांच्या शेंड्यांवरच्या पुलावरूनही बऱ्याच जणांना दिसतो. त्यामुळे लॉजच्या चार रात्रींपैकी दोन सेंटरवर करून मिळतात का, हे विचारायला काही लागत नाही. लॉज अगदी सोडा असं मात्र म्हणणार नाही. साठीच्या उंबरठ्यावर दिवसभर भिजून आल्यावर गरम पाणी आणि कोरडी गादी लागते.

लेन्स घेऊ नका. घनदाट पावसाळी जंगलात खाली उजेड इतका कमी असतो की ती लेन्ससुद्धा धडपडेल. तीन किलोंचं ओझं गळ्यात असताना हेल्मेटेड हॉर्नबिल हा धनेश डोक्यावरून गेला तर तुम्ही सेटिंग बदलत बसाल. फोटो हवेच असतील तर भाड्यानं घ्या. दुर्बीण मात्र नवी घ्या, ८ x ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची), आणि आत्ताच, म्हणजे तिलारीत हात बसेल.

कंपनीला ईमेल करून तीन गोष्टी लिहून मागा : दर रुपयांत पक्का की भरण्याच्या दिवसाच्या डॉलरप्रमाणे, किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत, आणि किमान किती जण झाले की सहल नक्की. शेवटचं उत्तर "नक्की" असं येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. गट भरला नाही तर कंपनी सहलीचे पैसे परत देईल, तिकिटाचे कोणी देणार नाही.