साहित्य: इतवारीतलं आणि वहीतलं

नागपूर

प्रिय पोरी,

कविता वाचल्या. यांना ‘वाङ्मय’ म्हणायचं की ‘साहित्य’, असं विचारलं आहेस. आधी तेवढं उरकतो.

वाङ्मय सोपं. वाक् म्हणजे वाणी. वाणीचं बनलेलं ते वाङ्मय. त्यात अभंग बसतो तसा वैद्यकाचा ग्रंथही बसतो. साहित्याची गंमत निराळी. इतवारीच्या बाजारात ‘पूजा साहित्य मिळेल’ अशी पाटी असते ना? आमचे हिंदी भाषक शेजारी ती वाचून दरवेळी हसतात. त्यांच्याकडे पूजेचं ‘सामान’ असतं, साहित्य फक्त पुस्तकातलं. आपल्याला कापरापासून कादंबरीपर्यंत एकच शब्द पुरतो. तो आला ‘सहित’वरून. सोबत असणं म्हणजे साहित्य. कोणी कोणासोबत? जुना संस्कृत काव्यशास्त्रकार भामह सांगून गेला: ‘शब्दार्थौ सहितौ काव्यम्’. शब्द आणि अर्थ सोबत आले की काव्य.

राजशेखर या संस्कृत कवीनं तर ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, याची गोष्टच रचली. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून निघाला. त्याला प्रेमात अडकवायला गौरीनं साहित्यविद्या नावाची वधू घडवली आणि त्याच्या मागं धाडली. बिचारी देशोदेशी फिरली त्याच्यामागं. लग्न लागलं कुठं, तर विदर्भात, वत्सगुल्माला. म्हणजे आपलं वाशीम, बाप्पा! तेही गांधर्व पद्धतीनं. ना वरात, ना पंगत. कॉलेजात हे मला कोणी सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आता तुझी वही. पहिल्या कडव्यात ‘निःशब्द’, ‘स्पंदन’, ‘क्षितिज’ असं सगळं आहे. ते इतवारीतलं साहित्य झालं, पुड्या बांधून ठेवलेलं. अर्थ अजून वाशीमला पोचायचा आहे. दुसऱ्या कडव्यात मात्र बर्डीच्या गर्दीत आई जड पिशवी डाव्या हातात घेते आणि ‘मोकळा हात मागं करते’. तिथं मी थांबलो. ‘मोकळा’च्या जागी ‘उजवा’ घालून वाच. हात तोच, पण तू त्याला धरणार आहेस हे कळेनासं होतं.

पहिलं कडवं खोड, पिशवीपासून सुरू कर आणि रविवारी ये. काकू सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) करणार आहेत. बाकी साहित्य घरात आहे, सांबार तेवढा घेऊन ये.

तुझा,
काका