सुट्टीनंतरचा ताप

प्रश्न : आमचे हे हुपरीत चांदीच्या पैंजणांना झाळ लावायचं, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधे जोडायचं काम करतात, १५ वर्षं झाली. चार दिवस गावाला जाऊन आले की कामाच्या पहिल्याच संध्याकाळी हुडहुडी भरते, अंग मोडून येतं, पाणी गोडसर लागतं. सकाळी ठणठणीत. शेठ म्हणतात, सवय मोडली की होतंच, गूळ खात जा. काळजीचं आहे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, शेठ अर्धं खरं बोलतात, आणि घोळ त्या अर्ध्यातच आहे. झाळेत चांदी-तांब्याबरोबर जस्त असतं. त्याचा धूर छातीत गेला की काही तासांनी असाच ताप भरतो आणि दिवसाभरात उतरतो. रोज धूर घेणाऱ्याला तो जाणवेनासा होतो, सुट्टी झाली की परत येतो. मग कारागीर म्हणतो, 'अंगात मुरलंय आता.' गॅल्व्हनाइज पत्र्याला वेल्डिंग करताना मीही १२ वर्षं हेच म्हणायचो. गूळ खाल्ला, दूध प्यायलो. पण गूळ जातो पोटात, धूर छातीत!

खरी धास्ती कॅडमियम या विषारी धातूची. झाळ कमी आचेवर वितळावी म्हणून काही जण ते घालतात. सोन्यातलं 'केडीएम' ते हेच, आणि गिऱ्हाईक ते चोखपणाचं नाव समजून मिरवतं. पहिल्या संध्याकाळी त्याचाही ताप जस्तासारखाच असतो. पण तो उतरेलच असं नाही, एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरू शकतं. रोज थोडं थोडं गेलेलं मूत्रपिंडात साठतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. याची सवय होत नसते.

शेठना आधी विचारा, झाळेत काय काय आहे. बिनकॅडमियमची झाळ मिळते. आच जरा जास्त लागते म्हणून कारागीर कुरकुरतात, तेवढंच. रुमालानं धूर अडत नाही. पंखा धूर तोंडापासून लांब, बाहेर ओढणारा हवा. पाठीमागचा टेबलफॅन बहुतेक वेळा उलटंच करतो. हात धुतल्याशिवाय भाकरी नको, बिडी तर नकोच.

दवाखान्यात आधी काम सांगा, नाहीतर व्हायरल म्हणून गोळ्या मिळतील. लघवीतलं कॅडमियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करता येईल का, विचारा. आणि एखाद्या रात्री तापाबरोबर दम लागला, तर सकाळची वाट बघू नका.