एकच ग्लुकोज, दोन रचना

प्रश्न : शिताके या औषधी अळिंबीतील लेंटिनान या ग्लुकोजच्या फांदीदार साखळीचे आम्लाने विघटन केले तरी ग्लुकोजच मिळते आणि स्टार्चचे केले तरी ग्लुकोजच मिळते. मग लेंटिनानच्या मुख्य साखळीत दर ५ ग्लुकोजमागे २ फांद्या असतात, असे नेमके विधान कशाच्या आधारे केले जाते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण घटक शर्करा कोणत्या आहेत एवढ्यावरून पॉलिसॅकराइडची (म्हणजे अनेक शर्करा जोडून बनलेल्या साखळीची) रचना कळत नाही, ती ठरते ग्लुकोजचे रेणू एकमेकांना कोणत्या कार्बनपाशी जोडले आहेत यावरून. ही जोडस्थाने शोधण्याची मुख्य पद्धत म्हणजे मेथिलीकरण.

शुद्ध केलेल्या पॉलिसॅकराइडमधील प्रत्येक मोकळ्या हायड्रॉक्सिल (OH) गटावर आधी मेथिल (CH₃) गट बसवतात आणि नंतर आम्लाने साखळी तोडतात. शर्करांमधील बंध तुटतात, मेथिल गट मात्र टिकून राहतात. त्यामुळे जिथे मेथिल नाही, तिथे पूर्वी जोड होता हे उघड होते. हे तुकडे बाष्परूपात नेता येतील असे रूपांतरित करून गॅस क्रोमॅटोग्राफीने वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे वस्तुमानावरून, ओळखतात. टोकाच्या ग्लुकोजवर २, ३, ४ आणि ६ या चारही स्थानांवर मेथिल आढळते, तिसऱ्या कार्बनपाशी जोडलेल्यावर २, ४ आणि ६ वर, आणि सहाव्या कार्बनपाशीही जोड असलेल्यावर फक्त २ आणि ४ वर. लेंटिनानमध्ये या तिघांचे प्रमाण सुमारे २ : ३ : २ येते, आणि आपण विचारलेला आकडा त्यातूनच निघतो : मुख्य साखळीत ३ + २ म्हणजे ५ ग्लुकोज, त्यांपैकी २ वर फांद्या. स्टार्चमध्ये मुख्यतः २, ३ आणि ६ वर मेथिल असलेला तुकडा मिळतो. धान्यावर वाढवलेल्या बुरशीच्या अर्कात तो ठळक दिसला, तर स्टार्चच्या भेसळीची शंका घ्यायलाच हवी.

येथे एक पडताळणी मला फार महत्त्वाची वाटते. टोकांची संख्या आणि फांदीस्थानांची संख्या जवळपास सारखी यायला हवी. लेंटिनानसारखे बीटा-ग्लुकान (बीटा जोडांनी बनलेली ग्लुकोजची साखळी) सहज विरघळत नाही, म्हणून मेथिलीकरण अपुरे राहण्याचा धोका असतो, आणि अपुऱ्या मेथिलीकरणामुळे प्रत्यक्षात नसलेल्या फांद्या दिसतात. हा ताळा जमत नसेल तर तो निष्कर्ष स्वीकारू नये.

मात्र फांदी तिसऱ्या कार्बनवर आहे की सहाव्या, हे या पद्धतीने ठरत नाही. त्यासाठी पेरायोडेट हे ऑक्सिडीकारक रसायन वापरतात. ते शेजारी शेजारी असलेल्या हायड्रॉक्सिल गटांमधला कार्बन-कार्बन बंध तोडते. तिसऱ्या कार्बनपाशी जोडलेल्या ग्लुकोजमध्ये असे शेजारी उरत नसल्याने तो वाचतो, टोकाचा ग्लुकोज मात्र नष्ट होतो. लेंटिनानमध्ये फांद्या जाऊन, एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या तिसऱ्या कार्बनाशी जोडलेला अशी सलग साखळी उरते, म्हणजे फांद्या सहाव्या कार्बनवर होत्या.

जोड अल्फा आहे की बीटा (म्हणजे पहिल्या कार्बनावरच्या बंधाची दिशा कोणती), हे एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत मोजणारे तंत्र, सांगते : पहिल्या कार्बनचा संकेत बीटा-ग्लुकानमध्ये सुमारे १०३ पीपीएमवर (संकेताचे स्थान मोजण्याचे एकक), तर स्टार्चमध्ये सुमारे १०० पीपीएमवर येतो.

‘पाचामागे दोन’ ही असंख्य रेणूंची सरासरी आहे. प्रत्येक पाचांत त्या फांद्या नेमक्या कोणत्या ग्लुकोजवर बसतात, हे मेथिलीकरणाने कळत नाही.